तीन दगड तुमचे, तीन माझे

अक्का, पेपरातला तुमचा फोटो काही चांगला आला नाही. भाचीच्या लग्नातला होता. जरीचा पदर, गळ्यात दोन माळा, आणि चेहरा असा की पंगत अजून का बसली नाही म्हणून तुम्ही आता कुणाला तरी झापणार. मी म्हणत होते, कंधारच्या माळावरचा द्या, हेल्मेट घातलेला, नाकाला माती लागलेला. तुमचा भाऊ म्हणाला, "श्रद्धांजलीच्या फोटोत हेल्मेट? लोकं काय म्हणतील?" लोकं काय म्हणतील हे तुम्ही आयुष्यात कधी विचारलं होतं? पण तेव्हा नवऱ्याशी भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. ते पान मी घडी करून कपाटात ठेवलं. त्याचं पुढं काय झालं हे सांगायलाच आज बसले आहे.

आपल्या दोघींबद्दल कुणाला सांगायचं तर नणंद-भावजय एवढंच पुरतं, आणि ते ऐकलं की लोक गालात हसतात. म्हणजे यांचं पटत नसणार. पटत नव्हतंच की! मी लातूरची, तुम्ही नांदेडच्या, कंधारला दिलेल्या पण नोकरीपायी नांदेडातच राहिलेल्या. तुमच्या मते लातूरच्या माणसाला घड्याळाशिवाय घास उतरत नाही, आणि माझ्या मते नांदेडची माणसं लग्नाला निघतात तेव्हा अक्षता पडून गेलेल्या असतात. वांग्याच्या भाजीत कूट किती घालायचा इथपासून आपलं वाजायचं. पण आपलं सगळ्यात मोठं आणि शेवटचं भांडण वाऱ्यावरून झालं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

चार हिवाळ्यांपूर्वी माझी गर्भाची पिशवी काढली. वय एकोणचाळीस. आपल्याकडं बाईची पिशवी काढली की भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलते, "आता जड उचलू नको गं." मी उचललं नाही. सहा महिने झाले, वर्ष होत आलं, तरी मी पाण्याची घागर उचलत नव्हते, जिना टाळत होते, आणि शाळेत खुर्चीत बसून सहावीला गणित शिकवत होते. आपलं आता संपलं, असं कुणी मला म्हणालं नव्हतं. पण सगळे तसंच वागत होते आणि मला ते सोयीचं पडत होतं.

त्याच वर्षी तुम्ही सरकारी दवाखान्यातून रिटायर झालात. तीस-बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून उभं राहिलेली बाई आता घरी बसून पोथी वाचेल असं दाजींनाही वाटलं होतं. तुम्ही निरोप समारंभात मिळालेली साडी एका मावशीला देऊन टाकलीत आणि जाड टायरची गिअरची सायकल घेतलीत. महिन्याभरानं, चांगल्या थंडीत, पहाटे आमच्या दारात उभ्या. एका हातात तुमची जाड टायरची, दुसऱ्या हातात बारीक टायरची, वाकड्या हँडलची एक. कुणा डॉक्टरानं हौसेनं घेतलेली आणि चार दिवसांत कंटाळून कोपऱ्यात लावलेली.

"उठ," तुम्ही म्हणालात.

"अक्का, माझं ऑपरेशन..."

"पिशवी काढलीय तुझी. पाय न्हाईत काढले."

तुमचा भाऊ मागून म्हणाला, "अगं पण तिला थंडी..." आणि तुम्ही त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलंत की तो मुकाट्यानं माझी कानटोपी शोधायला गेला. त्या दिवशी मी कॉलनीच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन रडले. पाय दुखत होते म्हणून नाही. दुखायला पाय शिल्लक आहेत हे कळलं म्हणून.

थंडीत सायकल कशी चालवायची हे तुम्ही कुठं शिकलात, हे मी कधी विचारलं नाही. बहुतेक कुठंच नाही. दवाखान्यात जे हाताशी असायचं त्यातूनच तुम्ही सगळं जुळवलं. लोकरीच्या हातमोज्यांच्या आत ऑपरेशनचे रबरी हातमोजे, म्हणजे वारा आत येत नाही. गुडघ्याला क्रेप बँडेज. आणि स्वेटरच्या आत, छातीवर, कालच्या पेपरचं पान. "वारा छातीतून शिरतो, बाई. पेपर लाव." पहिल्यांदा मी हसले. पण लोह्याच्या उतारावर सायकल सुटली, समोरून गार वारा आला आणि छाती तेवढी कोरडी, ऊबदार राहिली, तेव्हापासून मी घरातला एकही पेपर रद्दीत जाऊ दिला नाही. लोह्याला चाचांच्या हॉटेलात चहा सांगितला की तुम्ही स्वेटरच्या गळ्यातून हात घालून ते पान बाहेर काढायचात आणि चष्मा न लावता मोठ्यानं वाचायचात. लातूर बाजार समिती, तूर, सोयाबीन, हरभरा. "तूर आज गरम हाय," तुम्ही म्हणायचात, "माझ्याजवळ होती ना रातभर." तासा-दोन तासांची तुमची रातभर व्हायची. चाचा इतके हसायचे की चहा उतू जायचा.

रस्त्यावर लोक बोलायचेच. ऊसाच्या ट्रॅक्टरवरचे, एसटीची वाट बघणारे. एकदा एक जण ओरडला, "सिस्टर, पेट्रोल परवडंना का?" तुम्ही पाय न थांबवता उत्तर दिलंत, "पेट्रोल परवडतंय रे बाबा, सलाईन परवडत न्हाई!" मी मागं होते. मला हसून हसून हँडल धरवेना.

शनिवार कंधारचा असायचा, रात्री तिथंच मुक्काम. दाजींचं शेत आणि त्यापलीकडचा मुरमाड माळ. तिथं तुम्ही मला तुमची जाड टायरची द्यायचात आणि स्वतः बांधावर उभ्या राहून ओरडायचात. "दगडाकडं बघू नको! जिकडं जायचंय तिकडं बघ!" मी दगडाकडंच बघायचे आणि दगडावरच जायचे. एकदा उतारावरून थेट कुणाच्या तरी हरभऱ्यात जाऊन पडले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ती शेतकरीण आली, मला उचललं, कोपरावरची माती झटकली आणि हरभऱ्याचे ढाळे दोघींच्या हातात ठेवून म्हणाली, "एवढं पडायचंच व्हतं तर चार पावलं पलीकडं पडायचं, तिकडला हरभरा भरलाय." ते ढाळे आपण बांधावर बसून खाल्ले. तुम्ही माझ्या कोपराला पट्टी बांधलीत. त्या दिवसापासून मी दगडाकडं बघायचं सोडलं. निदान माळावर तरी.

रस्त्यावर मात्र दगड मोजायचेच होते. तो आपला नियम. थंडीत आपल्याकडं वारा उगवतीकडून येतो. रविवारी सकाळी कंधारहून नांदेडला परत निघालं की तो सगळा तोंडावर. पुढची बाई वारा कापते, मागची तिच्या आडोशाला राहते, आणि मागचीला निम्म्या ताकदीत तेवढंच अंतर जाता येतं. म्हणून पाळी लावलेली. किलोमीटरचे तीन दगड तुम्ही पुढं, तीन दगड मी. पहिल्या हिवाळ्यात माझे तीन दगड म्हणजे शिक्षा होती. दुसऱ्या हिवाळ्यात सवय झाली. तिसऱ्यात मी त्या तीन दगडांची वाट बघायला लागले. पुढं कुणी नसलेला रस्ता, पिवळट ज्वारी, दवानं भिजलेलं डांबर, आणि मागून तुमच्या जाड टायरचा घुं घुं आवाज. एवढं चांगलं मला बऱ्याच वर्षांत काही वाटलं नव्हतं.

लातूरचं तुमच्याच डोक्यातून निघालं. "बायका माहेरी एसटीनं जातात, जीपनं जातात. तू सायकलवर जा." मी हसण्यावारी नेलं. पण तुम्ही आईला फोन लावून सांगून टाकलंत. आई म्हणाली, "नांदेडहून सायकलवर आली तर दारात ओवाळीन तिला, पुन्हा एकदा बारसं करीन." मग ठरलंच. एका दिवसात नांदेड ते लातूर, भोगीच्या दिवशी, म्हणजे आईच्या हातची तिळाची बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी गरम गरम मिळेल. पहिल्या वर्षी माझ्यात दम नव्हता. दुसऱ्या वर्षी भोगीला अवकाळीनं गाठलं. तिसऱ्या वर्षी शाळेचं काहीतरी निघालं. यंदा काही झालं तरी जायचंच, असं तुम्ही दिवाळीतच ठरवून टाकलंत.

आणि मग तुम्ही चोरी करायला लागलात.

मी गणिताची बाई. माझ्या लक्षात यायला एवढा उशीर व्हायला नको होता. तुमचे तीन दगड झाले की तुम्ही बाजूला व्हायचं, मी पुढं यायचं. यंदा थंडी सुरू झाली तसे तुमचे तीनाचे चार होऊ लागले, चाराचे पाच. मी विचारलं की तयार उत्तर, "दिसलाच न्हाई गं दगड, गवतात व्हता." माझी पाळी आली की दोन दगडांतच मागून हाक, "ये मागं, मी येते पुढं." मला वाटलं, मी तुम्हाला अजून तीच वाटते, मैदानाला तीन फेऱ्या मारून रडणारी. लातूरला नेणार म्हणता आणि तीन दगडांचा भरवसा नाही! आतून जळत होते मी, पण बोलले नाही.

त्या शेवटच्या रविवारी बोलले. कंधारहून निघालो, वारा समोरून होता. मी मनात मोजत होते. तुमचे सहा झाले. सहाव्या दगडाला मी बाजूनं पुढं आले आणि ओरडले, "अक्का, मला काय लेकरू समजता का? माझी पाळी मला द्या!" तुम्ही काहीतरी बोललात. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, खरं म्हणजे मला ऐकायचंच नव्हतं. मी दोन गिअर वर टाकले आणि निघाले. लोह्याला चाचांच्या हॉटेलापाशी पाय थांबले नाहीत. नांदेडपर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही. घरी येऊन आंघोळ केली, कपडे धुतले, दोरीवर घातले, तेव्हा तुमचा फोन आला. "पोचलीस का? बरं झालं." एवढंच. आवाजात हसू होतं. मला तो टोमणा वाटला.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला सांगितलं, पेपर तपासायचेत, जमणार नाही. पेपर तपासून झालेले होते. अक्का, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पेपर झालेले होते.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दूध तापवता तापवता तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसलात आणि उठला नाहीत.

चौदाव्याचं सगळं आटोपल्यावर दाजी टेम्पोत तुमची जाड टायरची घालून आमच्याकडं आले. मी म्हणाले, "दाजी, ती तुमच्याकडंच राहू द्या." ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि नेहमीसारखं हळू बोलले, "रेखा, तिनं सांगितलं व्हतं, तुला सांगायचं न्हाई. पन आता कुनासाठी झाकू? दोन वर्सं झाली तिला हृदयाच्या गोळ्या चालू हुत्या. डॉक्टरनं सायकल बंद नव्हती केली, हळू चालवा म्हनले. आन् तू पळायला लागलीस. तू पुढं गेलीस की तिला दम लागायचा. मला म्हनायची, जी पुढं असती तिच्या हातात वेग असतो. मी पुढं राहिले तर रेखा माझ्या वेगानं येती. म्हनून ती पुढं राहत हुती."

मी म्हणाले, "मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू हळू चालवली असतीस तिच्यासाठी. तेच तिला नको व्हतं. म्हनायची, एवढ्या मेहनतीनं पळायला शिकवलीय, आता माझ्यापायी लंगडायला लावू का? लातूरला बी ती अहमदपूरपस्तोरच येनार हुती. तिथून तुला सोडून एसटीनं वापस."

दाजी गेले. मी ओसरीवरच बसून राहिले. दिवाळीपासून मला वाटत होतं की तुम्ही वारा अंगावर घेऊन मला झाकताय, माझी कीव करताय. आणि तुम्ही तर मला धरून ठेवत होतात. तुमचा दम पुरेना म्हणून. जाड टायरला वेग येत नाही, असं हसत सांगायचात, तेही मी खरं मानलं. आणि त्या रविवारी, दम लागणाऱ्या बाईला समोरच्या वाऱ्यात एकटी टाकून मी निघून गेले. आडोसाही ठेवला नाही. मागं वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर दोन्ही सायकली ओसरीवर भिंतीला टेकून राहिल्या. तुमच्या भावानं त्यांच्यावर जुनी चादर टाकली. शाळेत मी पुन्हा खुर्चीत बसून शिकवायला लागले. मला वाटायचं, ज्या पायांनी हे केलं ते पाय आता बसलेलेच बरे.

मग तुमचा राग आला. रागच म्हणते मी, दुसरा शब्द नाही. भोगीला चार दिवस राहिले होते, आईचा फोन आला, "येणार हायेस का गं? न आलीस तरी चालंल, मी समजून घेईन." मी फोन ठेवला आणि मनात तुमच्याशी कडाकडा भांडले. स्वतः तिघांना पुरेल एवढं खोटं बोललात, गवतात दगड लपवलेत, आणि लोकांनी समजून घ्यावं म्हणून मी मात्र घरी बसून राहू? भांडण अर्धं टाकून जायची तुमची रीत नव्हती. कुटाच्या भांडणातसुद्धा शेवटचा शब्द तुमचाच असायचा. मला तुमच्याशी बोलायचं होतं, आणि आपण नीट बोलायचो ते फक्त रस्त्यावर.

तुमचा भाऊ म्हणाला, "मी मोटारसायकलवर मागं मागं येतो." मी म्हटलं, नको. मग तो म्हणाला, "बरं, मी एसटीनं संध्याकाळी येतो लातूरला, सायकल कशी आणायची ते तिथं बघू." आणि पुढं म्हणाला, "अक्कानं तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखलं." खरं बोलला बिचारा. आणि पहाटे कानटोपी त्यानंच शोधून दिली.

छातीला लावायला पेपर हवा होता. ओसरीत रद्दीचा ढीग होता. मी कपाट उघडून तुमचं पान घेतलं. आधी वाटलं, हे बरं नाही, फोटो चुरगळेल. मग वाटलं, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फोटो चुरगळला तर चुरगळला, तुला न्यूमोनिया झाला तर कोण बघणार? तुमचं तोंड आतल्या बाजूला करून घडी घातली आणि स्वेटर ओढला.

नांदेड सोडलं तेव्हा उजाडत होतं. आणि अक्का, लातूरकडं जाताना तो वारा पाठीवर असतो, हे मी विसरूनच गेले होते. इतके हिवाळे आपण त्या वाऱ्याशी डोकं लावून परत यायचो, त्यामुळं वारा म्हणजे समोरचाच, असं माझ्या मनात बसलेलं. तो पाठीमागून ढकलत होता. मी दगड मोजायला लागले. तीन माझे, माझ्या वेगानं. मग तीन तुमचे. तुमच्या तीन दगडांना मी दोन गिअर खाली आणायचे आणि रस्त्याच्या डाव्या बाजूला थोडं मागं असल्यासारखी चालवायचे, पुढं तुमची जागा सोडून. एका टेम्पोवाल्यानं वळून पाहिलं. रस्ता मोकळा असताना ही बाई कुणाच्या मागं चाललीय, असं त्याला वाटलं असेल. त्या वेगात मला पहिल्यांदा आजूबाजूचं दिसलं. थव्यानं उठणारे होले, तुरीच्या कापलेल्या काड्यांचे भारे, एका झोपडीपुढं पाणी तापवणारी म्हातारी. तुमचा वेग वाईट नव्हता, अक्का. उगाच लपवलात.

लोह्याला चाचांनी मला बघितलं आणि नेहमीच्या सवयीनं दोन ग्लास खाली ठेवले. "बड्या मॅडम मागं हायेत का?"

मी स्वेटरच्या गळ्यातून हात घालून पान काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हात पुसले, मग पान घेतलं. "या अल्ला," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मग म्हणाले, "त्या इतवारी एकट्याच आल्या हुत्या. मी इचारलं, छोट्या मॅडम कुठं? तर हसायला लागल्या. लई हसल्या. दम खात हुत्या आन् हसत हुत्या. म्हनल्या, चाचा, आज माझी भावजय मला सोडून पळाली! मागं वळून बी बघितलं न्हाई. तीन वर्सं लागली मला तिला एवढं शिकवायला."

"चिडल्या नव्हत्या?"

"चिडतील कशाला? दोन चहा सांगितले. म्हनल्या, एक माझा, एक तिच्या नावाचा. दोन्ही बसून पिल्या आरामात. आन् वर मलाच शहानपन शिकवलं, तुमच्या चहात साखर कमी करा, शुगर वाढल सगळ्या लोह्याची."

मी रडले, आणि रडता रडता हसले, कारण शेवटचं वाक्य चाचांना स्वतःहून सुचणं शक्यच नव्हतं. म्हणजे बाकीचंही खरंच असणार. तुमच्या फोनमधलं हसू टोमण्याचं नव्हतं. त्या हसऱ्या आवाजाचा मी सहा आठवडे उलटा अर्थ लावत होते. चाचांनी दुसऱ्या ग्लासातही चहा ओतला. दोन्ही मी प्यायले. साखर अजून तेवढीच आहे.

माळाकोळीच्या पुढच्या चढावर मी एकदा उतरले, खोटं कशाला बोलू. दहा पावलं ढकलली, पुन्हा बसले. वर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं, रबरी हातमोजे काढून खिशात घातले. अहमदपूरला बसस्थानकाजवळ थांबले. केळी खाल्ली. इथून तुम्ही एसटी धरणार होतात. लातूर-नांदेड गाडी उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. ती सुटून जाईपर्यंत मी उभी राहिले, मग सायकलवर बसले. अहमदपूरच्या पुढचे सगळे दगड मी माझ्या वेगानं मोजले. तुमची पाळी तिथं संपली होती, आणि ते तुम्हीच ठरवलेलं होतं.

चाकूरच्या पुढं पाय इतके दुखले की मला माझे वाटेनात. तरी ते चालत राहिले. जड उचलू नको म्हणणाऱ्या सगळ्या बायका मला तेव्हा आठवल्या, आणि त्यातल्या एकेकीला पहाटे जाऊन उठवावं असं वाटलं. तुमची जाड टायरची ओसरीत तशीच आहे. माझ्या शेजारणीचंही यंदा तेच ऑपरेशन झालंय. परवा चादर उचलून तिनं विचारलं, "ही कुणी चालवत नाही का?" तिला मी पुढं ठेवणार आहे. म्हणजे 'हळू' असं तिला मागून ओरडावं लागणार नाही. पुढचीच्या हातात वेग असतो.

लातूरला शिरले तेव्हा दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. क्लास सुटलेली पोरं, रिक्षा, डाळीच्या गिरणीचा तो वास जो मला लहानपणी आवडायचा नाही. आईच्या गल्लीत वळले. आई दारात उभी होती, हातात ताट, कधीपासून उभी होती कोण जाणे. दोन शेजारणी, मोबाईल धरलेल्या. मी उतरले तर पाय वाकेनात. आईनं ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि कुंकवाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "एवढ्या लांबून एकटीच आलीस गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "पुढं मी होते."

आईनं माझ्या खांद्यावरून मागं गल्लीत पाहिलं. मग मीही वळून पाहिलं.